बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? पाड्यांच्या नेटवर्कसाठी साधने निवडताना





गेल्या दिवाळीच्या सुमारास आपल्या एका जुन्या हितचिंतकांचा फोन आला. "दादा, या वर्षी पाड्यांवर इंटरनेटसाठी काही करायचे मनात आहे. वीस टॅबलेट पाठवू, की उपग्रहाची छत्री बसवून देऊ?" पूर्वी मी लगेच 'पाठवा' म्हटले असते. या वेळी म्हणालो, "मला दोन महिने द्या. लोकांना विचारून सांगतो." त्यांनी ते दोन महिने दिले, हा त्यांचा मोठेपणा. त्या काळात आम्ही काय विचारले, काय शिकलो आणि शेवटी काय निवडले, ते इथे मांडतो. दुर्गम भागात काम करणाऱ्या इतर कार्यकर्त्यांना आणि देणगी देणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

भांडारातली पेटी

आमचे केंद्र पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात आहे. आसपास वारली, कोकणा, कातकरी, म ठाकूर समाजाचे पाडे आहेत. पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. मोबाइलची रेंज मिळते ती वर माळावर, एका ठराविक खडकापाशी. फोन करायचा तर चढण चढून तिथे जायचे.

चार वर्षांपूर्वी आम्हाला एक चांगली देणगी मिळाली. तिच्यातून आम्ही केंद्रापासून दरीपलीकडच्या पाड्यापर्यंत बिनतारी जोडणी केली. लोखंडी पाइपाचा उंच खांब, वर यंत्र, खाली सौर पॅनल आणि बॅटरी. चैत्रात बसवले, उद्घाटन झाले, फोटो याच अंकात छापून आले. आषाढात ते बंद पडले. बसवून देणाऱ्यांना फोन केले. "पावसाळा संपल्यावर येतो" म्हणाले, आले नाहीत. यंत्राचा पासवर्डही त्यांच्याकडेच राहिला होता. पुढे बॅटरी फुगली. आज ते सगळे सामान भांडारात एका पेटीत आहे.

त्याच हिवाळ्यात त्या पाड्यावरची एक आजी वारली. मुलगा-सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. निरोप तोंडी पाठवला, तो पोहोचायला पाच दिवस लागले. मुलगा आला तेव्हा सगळे उरकले होते. तो मला काही बोलला नाही. पण खांबाकडे त्याने एकदा पाहिले, ते माझ्या लक्षात राहिले. निरोप पोहोचवण्याचे साधन आमच्याकडे होते. ते चालू ठेवण्याची सोय आम्ही केली नव्हती.

म्हणून या वेळी साधन कोणते घ्यायचे यापेक्षा, ते बंद पडले की कोण काय करणार, हा प्रश्न आम्ही आधी घेतला.

पहिला प्रश्न: काम कोणते?

आम्ही चार पाड्यांवर रात्रीच्या बैठका घेतल्या, कारण दिवसा माणसे कामावर असतात. बायकांची बैठक वेगळी घेतली. एकत्र बैठकीत त्या बोलत नाहीत, हा जुना अनुभव आहे.

तरुणांनी व्हिडिओ मागितले. बाकीच्यांची मागणी निराळी होती. आश्रमशाळेत मूल आजारी पडले तर कळावे. रेशन दुकानातले अंगठ्याचे मशीन आज चालू आहे का, हे डोंगर उतरण्याआधी समजावे. आरोग्य सेविका कोणत्या दिवशी येणार ते कळावे. भट्टीवर गेलेल्या माणसांचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू यावा.

या यादीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही सगळी कामे आवाजाने होतात आणि आवाजाला फारच थोडी जागा लागते. सेकंदाला १६ किलोबिट या वेगाने दाबून साठवला, तर एका मिनिटाचा निरोप साधारण १२० किलोबाइटमध्ये मावतो. सेकंदाला एक मेगाबिट लागणारा साधा व्हिडिओ घेतला, तर त्याच एका मिनिटाला साडेसात मेगाबाइट लागतात, म्हणजे साठपट. गरज आवाजाची आणि खरेदी व्हिडिओच्या हिशेबाने केली, की यंत्र मोठे, पॅनल मोठे, बॅटरी मोठी आणि बिघाडही मोठा.

दुसरा प्रश्न: सर्वांना वापरता येईल का?

बायकांच्या बैठकीत मी नमुन्यादाखल एक टॅबलेट नेला होता. एका आजीने तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. म्हणाली, "दादा, मला वाचाया नाय येत. डोळ्यानं दिसतंय बी कमी. या पाटीवर बोट कुठं ठेवायचं? असं काय तरी द्या की उचललं की बोलता यावं."

तिच्या एका वाक्याने आमची निवड निम्मी सोपी केली. सुगम साधन म्हणजे न वाचता, कमी दिसत असतानाही आणि आपल्या बोलीत वापरता येणारे साधन. वारली किंवा कातकरी बोलीसाठी कळफलक शोधत बसण्यापेक्षा माणसाला बोलू द्यावे.

याचे उत्तम उदाहरण मध्य भारतातले आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केले. साध्या बटणाच्या फोनवरून एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. तिकडून फोन येतो. आपली तक्रार, बातमी किंवा गाणे बोलून नोंदवायचे. गोंडीसारख्या भाषेत बोलले तरी चालते. पुढे माणसे ते ऐकतात, तपासतात आणि मग ते इतरांना ऐकता येते. हातपंप नादुरुस्त आहे, मजुरी थकली आहे, अशा तक्रारी त्यातून अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. जिथे रेंजच नाही अशा गावांसाठी त्यांनी 'बुलटू रेडिओ' काढला: कार्यक्रम एकदा उतरवून घ्यायचा आणि पुढे ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये द्यायचा. यंत्र तेच, जे लोकांच्या खिशात आधीपासून आहे. हा धडा आम्ही घेतला.

सुगमतेला दुसरीही एक बाजू आहे: यंत्र कोणाच्या घरी बसणार? मागच्या वेळी आम्ही पाड्यातले सर्वांत पक्के घर निवडले. तिथे कातकरी वाडीतल्या बायका पाऊल टाकत नसत, हे आम्हाला नंतर कळले. या वेळी जागा बायकांनी ठरवली. दोन पाड्यांवर अंगणवाडीचा व्हरांडा, एका पाड्यावर बचत गटाच्या अध्यक्ष ताईंची ओसरी.

तिसरा प्रश्न: पावसाळ्यात चालेल का?

आपल्या भागात यंत्राची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. आमचे मागचे नेटवर्क दोन कारणांनी बंद पडले आणि दोन्ही आधी कळण्यासारखी होती.

एक कारण साग. चैत्रात सागाला पान नसते. आम्ही दुर्बिणीतून पाहिले, पाडा स्वच्छ दिसला, खांब उभा केला. पाऊस पडला, सागाला सुपाएवढी पाने फुटली आणि वाट बंद झाली. वाय-फायची यंत्रे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी मोकळ्या वाटेने काही किलोमीटर जातात, पण ओल्या पानांत अडकतात. कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून जास्त चांगल्या जातात. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने आपल्याच पालघर जिल्ह्यात, खामलोलीच्या परिसरात, याच कारणाने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या यूएचएफ पट्ट्याचा प्रयोग केला. प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. मात्र तो पट्टा आपल्याला परवान्याविना वापरता येत नाही. पुढे २५ गावांपर्यंत जाताना त्या प्रकल्पानेही परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झचा आधार घेतला. आम्हीही तोच घेतला, पण पाहणी आश्विनात केली, झाडे पानांनी भरलेली असताना. सरळ वाट मिळेना, म्हणून माळावरच्या उघड्या खडकावर मधले ठाणे केले. केंद्राचे यंत्र खडकाकडे बघते आणि खडकावरची यंत्रे पाड्यांकडे.

दुसरे कारण वीज. इथे थोडे गणित करावे लागते. पाड्यावरचे यंत्र आणि फोन मिळून सुमारे १० वॅट घेतात. चोवीस तास चालू ठेवले तर दिवसाला २४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९०० वॅट-तास मावतात, पण आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाताशी उरले ४५०, जेमतेम दोन दिवस. आणि इथे झड लागली की सूर्य चार-चार दिवस दिसत नाही.

मोठी बॅटरी घेणे हा एक उपाय. आम्ही दुसरा घेतला. पाड्याला विचारले, फोन केव्हा लागतो? उत्तर मिळाले: सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, असे सात तास ठरवले. साध्या टायमरने यंत्र आपोआप चालू-बंद होते. दिवसाचा खर्च ७० वॅट-तासांवर आला आणि तीच बॅटरी सूर्याविना सहा दिवस टिकू लागली. रात्री-अपरात्री अडचण आली तर बाजूला एक बटण आहे. ते दाबले की यंत्र जागे होते. खडकावरचे ठाणे मात्र सर्वांच्या कामाचे, म्हणून तिथे मोठे पॅनल आणि दोन बॅटऱ्या ठेवून ते सतत चालू ठेवले.

चौथा प्रश्न: दुरुस्त कोण करणार?

साधन निवडताना आम्ही एक कसोटी ठेवली. बिघडणारा प्रत्येक भाग जव्हार किंवा नाशिकच्या बाजारात मिळाला पाहिजे आणि तो बदलायला पाड्यावरचाच माणूस पुरला पाहिजे. या कसोटीवर काही देखणी यंत्रे बाद झाली. ज्यात बॅटरी आतच चिकटवलेली असते, जे फक्त कंपनीचाच माणूस उघडू शकतो, जे दरवर्षी पैसे भरले नाहीत तर बंद होते, ते आम्ही घेतले नाही. उपग्रहाची छत्रीही याच कारणाने मागे ठेवली. ती चांगली नाही असे नाही, पण तिचे मासिक भाडे पाडा भरू शकत नाही आणि ती बिघडली तर आम्ही तिच्याकडे नुसते बघत बसणार.

यंत्रांत 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त प्रणाली चालते. ती कोणालाही फुकट उतरवता येते आणि अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर बसते. म्हणून उद्या हे यंत्र बाजारातून गेले, तरी दुसऱ्यावर तीच प्रणाली आणि तीच शिकवण चालेल. पासवर्ड या वेळी तीन ठिकाणी आहे: केंद्राच्या कपाटात, दुरुस्ती गटाच्या वहीत आणि बचत गटाच्या पेटीत.

दुरुस्ती गटात सहा जण आहेत, त्यात चार मुली. दोघींनी बारावी केली आहे, बाकीचे दहावीपर्यंत शिकलेले. त्यांना तारेला जॅक बसवणे, मीटरने बॅटरीचा व्होल्ट पाहणे, पॅनल पुसणे, अर्थिंग तपासणे आणि यंत्रात प्रणाली नव्याने भरणे, एवढे शिकवले. निम्म्याहून अधिक बिघाड तार, जॅक आणि बॅटरीचे असतात. सुरुवातीला एका मुलीच्या वडिलांनी विचारले, "पोरगी खांबावर चढणार?" आम्ही खांबच बदलला. आता तो बुडाशी बिजागरी असलेला आहे. दोघांनी दोर सोडला की आडवा होतो, काम झाले की परत उभा. चढायची गरजच नाही.

पाचवा प्रश्न: पैसे कुठून आणि मालक कोण?

फुकट मिळालेल्या वस्तूची बॅटरी कोणी बदलत नाही. ही तक्रार आपण लोकांबद्दल करतो, पण चूक आपली असते. वस्तू संस्थेच्या नावावर, किल्ली संस्थेकडे, मग बॅटरी लोकांनी का बदलावी?

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या मनकोसी या गावाचे उदाहरण इथे आठवते. तिथे खोसा भाषा बोलणाऱ्या लोकांनी विद्यापीठाच्या मदतीने सौर ऊर्जेवर चालणारे स्वतःचे नेटवर्क उभारले आणि २०१४ मध्ये त्यासाठी सहकारी संस्था नोंदवली. नाव ठेवले 'झेन्झेलेनी', म्हणजे 'तुमचे तुम्ही करा'. गावात वीज नव्हती, तेव्हा लोक मोबाइल चार्ज करायला दूर जात. नेटवर्कच्या बॅटऱ्यांवर थोडे पैसे घेऊन मोबाइल चार्ज करून द्यायला सुरुवात झाली आणि त्यातून उत्पन्न आले.

आम्ही हेच थोडे बदलून केले. खडकावरच्या ठाण्यात उन्हाळ्यात वीज उरते. तिथे विजेऱ्या आणि मोबाइल चार्ज होतात. शिवाय प्रत्येक घर महिन्याला ठरलेली छोटी वर्गणी देते. ती बचत गटाच्या खात्यात, 'बॅटरी' या नावाने वेगळी जमा होते. हिशेब दर अमावास्येच्या बैठकीत वाचून दाखवला जातो. यंत्रे ग्रामसभेच्या ठरावाने पाड्यांच्या मालकीची झाली. आम्ही मदतनीस आहोत.

कायद्याबद्दल दोन शब्द

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून आपल्या देशात परवान्याविना वापरता येतो. मात्र शक्तीची मर्यादा पाळावी लागते आणि यंत्र सरकारी मान्यतेचे असावे लागते. इंटरनेट विकायचे असेल तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेत गावातल्या चहावाल्या किंवा किराणा दुकानदारालाही परवान्याविना सार्वजनिक डेटा कार्यालय चालवता येते. आम्ही सध्या इंटरनेट विकत नाही. आमची सोय कचेरीतल्या इंटरकॉमसारखी, आपापसांत बोलण्यापुरती आहे.

शेवटी काय बसवले?

तीन पाडे आणि केंद्र यांत प्रत्येकी एक टेबलावरचा फोन. उचलला की केंद्रात वाजतो. एक, दोन, तीन दाबले की त्या त्या पाड्यावर वाजतो. दोन नंबरच्या बटणावर सरकीचे दाणे चिकटवले आहेत, म्हणजे बोटाला कळते. केंद्रात तळहाताएवढा एक संगणक आहे. कोणी उचलले नाही तर तो निरोप नोंदवून ठेवतो. आमच्या ताई सकाळ-संध्याकाळ ते निरोप ऐकतात आणि भट्टीवरच्या माणसांच्या मोबाइलवर पाठवतात. तिकडून आलेले निरोप पाड्यावर ऐकवतात. त्याच संगणकावर मराठी विकिपीडिया 'किविक्स'च्या साहाय्याने साठवला आहे. मुलांना तो इंटरनेट नसतानाही केंद्रात वाचता येतो.

एक पावसाळा निघाला. सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. श्रावणात एका पाड्याचा फोन चार दिवस बंद होता; पेटीत मुंग्यांनी घर केले होते. विजेच्या गडगडाटात एक यंत्र जळाले, कारण अर्थिंगची तार सैल होती. व्हिडिओ मिळत नाहीत म्हणून तरुण मंडळी अजून नाराज आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पुढच्या वर्षी एका पाड्यावर 'पीएम-वाणी'चा विचार त्यांच्यासाठीच आहे.

पण मुंग्यांची पेटी दुरुस्ती गटातल्या मुलींनी उघडली, झाडली, भोके मेणाने बुजवली आणि फोन सुरू केला. मला ते तिसऱ्या दिवशी कळले. भाद्रपदात आश्रमशाळेतल्या एका मुलीला ताप भरला. संध्याकाळी सात वाजता पाड्यावर फोन वाजला आणि सकाळच्या पहिल्या जीपने आई तिच्या उशाशी होती. टॅबलेट परत देणाऱ्या आजी आता रविवारी ओसरीवर येऊन बसतात. फोन उचलतात, आधी "कोण?" असे दरडावून विचारतात आणि मग लेकाचा निरोप ऐकतात.

ज्या हितचिंतकांनी दोन महिने थांबायची तयारी दाखवली, त्यांच्या देणगीतून हे उभे राहिले. पैसे ठरल्यापेक्षा कमी लागले. उरलेल्या रकमेतून दोन जादा बॅटऱ्या, एक जादा यंत्र आणि दुरुस्तीच्या हत्यारांचा दुसरा संच घेऊन ठेवला आहे.

वाचकहो, आपणही एखाद्या पाड्यासाठी, वस्तीसाठी काही देण्याचा विचार करत असाल, तर वस्तूबरोबर एक हत्यारांची पेटी आणि शिकवणाऱ्या माणसाचे चार दिवस द्या. आणि देण्याआधी तिथल्या एखाद्या आजीच्या हातात ती वस्तू ठेवून बघा. तिने परत दिली, तर तिला कारण विचारा.